दोषप्रवाहातून फेजर निर्धारण : क्षयमान एकदिश घटकाची समस्या व तिच्या निराकरणाच्या पद्धती

प्रस्तावना

विद्युत् प्रणालीतील उच्चदाब पारेषण वाहिनीवर मंडलसंक्षेप, म्हणजे रूढ भाषेत शॉर्ट सर्किट, झाला असता तो दोष ओळखून सदोष भाग उर्वरित प्रणालीपासून वेगळा करण्याचे काम संरक्षक रिले आणि सर्किट ब्रेकर ही दोन साधने करीत असतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानक विनियमांनुसार ४०० व ७६५ किलोव्होल्ट पातळीवरील दोष १०० मिलिसेकंदांच्या आत दूर होणे आवश्यक आहे. २२० व १३२ किलोव्होल्टसाठी ही मर्यादा १६० मिलिसेकंदांची आहे. यांपैकी ब्रेकरचे संपर्क विलग होऊन ठिणगी विझण्यास साधारणतः दोन आवर्तने, म्हणजे ४० मिलिसेकंद लागतात. रिलेचा आदेश ब्रेकरपर्यंत पोहोचण्याचा वेळ व काही राखीव अंतर वजा केल्यास रिलेच्या वाट्याला प्रत्यक्ष विचारासाठी एक ते दीड आवर्तन एवढाच अवधी उरतो.

एवढ्या अल्पावधीत आधुनिक संख्यात्मक रिलेला प्रवाह व विद्युत्‌दाब यांचे फेजर काढावे लागतात आणि त्यांवरून दोष कोठे झाला आहे ते ठरवावे लागते. दोषानंतरच्या पहिल्या एक-दोन आवर्तनांत प्रवाहाचा तरंग शुद्ध साइन स्वरूपाचा नसतो, ही यातील मुख्य अडचण होय. प्रस्तुत लेखात ही अडचण कोठून उद्भवते, तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास किती चूक होते आणि ती दूर करण्यासाठी कोणत्या पद्धती अवलंबिल्या जातात, याचे विवेचन केले आहे.

फेजर ही संकल्पना

प्रत्यावर्ती प्रवाह क्षणोक्षणी बदलत असतो. परंतु त्याची वारंवारता निश्चित असेल तर त्याचे संपूर्ण वर्णन दोनच राशींनी होऊ शकते. एक म्हणजे त्याचे शिखरमूल्य आणि दुसरी म्हणजे त्याचा कलाकोन. या दोन राशी एकत्र बांधून तयार होणारी संमिश्र संख्या म्हणजे फेजर होय. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत ही रीत मांडली आणि त्यामुळे विकलक समीकरणे सोडविण्याचे किचकट काम साध्या बेरीज-गुणाकारावर आले. दाबाच्या फेजरला प्रवाहाच्या फेजरने भागले की संरोध मिळतो. वाहिनीचा दर किलोमीटर संरोध ठाऊक असल्याने या भागाकारावरून दोषाचे अंतर कळते. अंतर-रिलेचे सारे कार्य या एका भागाकारावर उभे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. फेजर ही स्थिर अवस्थेसाठी कल्पिलेली राशी आहे. दोषाच्या क्षणी प्रणाली स्थिर अवस्थेत नसते. म्हणजेच जी राशी काटेकोर अर्थाने त्या क्षणी अस्तित्वातच नाही, ती काही मोजक्या नमुन्यांवरून शोधून काढण्याचे काम रिलेवर सोपविलेले असते. या विषयावरील बहुतेक सर्व गुंतागुंत या विसंगतीतून निर्माण झालेली आहे.

क्षयमान एकदिश घटकाची उत्पत्ती

पारेषण वाहिनीत रोधापेक्षा प्रवर्तकत्व, म्हणजे नित्य व्यवहारात ज्याला इंडक्टन्स म्हणतात तो गुणधर्म, कितीतरी प्रभावी असतो. प्रवर्तकत्व असलेल्या मंडलातील प्रवाहाचे मूल्य एका क्षणात उडी घेऊन बदलू शकत नाही. दोष होताच मंडलाचा संरोध एकदम घटतो आणि नव्या स्थितीत प्रवाहाचे जे मूल्य त्या क्षणी असावयास हवे, ते प्रत्यक्ष मूल्याहून वेगळे असते. हा फरक भरून काढण्यासाठी प्रवाहात एक एकदिश घटक आपोआप उत्पन्न होतो. दोषाच्या क्षणी तो बरोबर त्या फरकाएवढा असतो आणि नंतर घातांकी रीतीने क्षीण होत जातो. त्यामुळे दोषप्रवाहाचा तरंग शून्यरेषेच्या एका बाजूस सरकलेला दिसतो व हळूहळू मध्यावर येतो.

हा घटक किती मोठा असेल हे दोषाच्या क्षणावर अवलंबून असते. मंडल बहुतांशी प्रवर्तकी असल्याने दाब शून्याजवळ असताना दोष झाला तर एकदिश घटक सर्वांत मोठा, म्हणजे प्रत्यावर्ती घटकाच्या शिखरमूल्याएवढा असतो. दाब शिखराजवळ असताना झाला तर तो जवळपास नसतोच. इन्सुलेटर फुटणे किंवा झाडाच्या फांदीकडे ठिणगी उडणे यांसारखे दोष बहुधा दाब शिखराजवळ असतानाच होतात, त्यामुळे त्यांत हा घटक कमी असतो. याउलट, देखभालीच्या वेळी लावलेले अर्थिंग काढण्याचे राहून गेले आणि वाहिनी तशीच भारित केली तर तिन्ही कलांवर एकदम दोष होतो. तिन्ही दाब परस्परांपासून १२० अंशांनी विलग असल्याने तिन्ही कलांत हा घटक एकाच वेळी शून्य असणे अशक्य असते. किमान दोन कलांत तो असणारच.

तो किती वेगाने क्षीण होईल हे प्रवर्तकत्व व रोध यांच्या गुणोत्तरावरून ठरते. जोडवाहक असलेल्या ४०० किलोव्होल्ट वाहिनीचा रोध दर किलोमीटर सुमारे ०.०३ ओहम व रिअॅक्टन्स सुमारे ०.३३ ओहम धरल्यास त्यांचे गुणोत्तर ११ येते. ५० हर्ट्झला यावरून कालस्थिरांक सुमारे ३५ मिलिसेकंद निघतो. म्हणजे दोषानंतर एक आवर्तन संपले तरी हा घटक निम्म्यावरही आलेला नसतो. मोठ्या जनित्रांच्या निकट कालस्थिरांक याहून अधिक असतो. शिवाय दोषाच्या ठिकाणी ठिणगीचा रोध असेल तर कालस्थिरांक घटतो, आणि तो रोध किती आहे हे आधी कोणासच ठाऊक नसते. म्हणूनच कालस्थिरांक ही राशी गणितात दिलेली संख्या म्हणून गृहीत धरता येत नाही.

पूर्णावर्तन फूरिये पद्धती

संख्यात्मक रिले प्रवाहाचे समान कालांतराने नमुने घेतो. दर आवर्तनास २० नमुने घेतले तर ५० हर्ट्झला दर मिलिसेकंदास एक नमुना मिळतो. नमुन्यांच्या निम्म्याहून अधिक वारंवारतेचे घटक खोटे रूप घेऊन आत येऊ नयेत यासाठी नमुने घेण्यापूर्वी तरंग गाळून घेतला जातो. त्यानंतर लगतच्या २० नमुन्यांना कोसाइनच्या २० मूल्यांनी गुणून त्यांची बेरीज केली आणि १० ने भागले की फेजरचा वास्तव भाग मिळतो. साइनच्या मूल्यांनी तेच केले की चिन्ह बदलून असत् भाग मिळतो. नवा नमुना आला की सर्वांत जुना सोडून द्यावयाचा व खिडकी एक घर पुढे सरकवावयाची. काम थोडे, स्मृतीची गरज थोडी आणि फळ मोठे, कारण या बेरजेत स्थिर एकदिश घटक व दुसऱ्यापासून नवव्यापर्यंतचे सर्व हार्मोनिक घटक पूर्णपणे नाहीसे होतात. या पद्धतीची लोकप्रियता आजही टिकून आहे, ती याच कारणाने.

परंतु नाहीसा होतो तो स्थिर एकदिश घटक. क्षीण होत जाणारा नव्हे. ही चूक किती असते ते एका उदाहरणाने पाहता येईल. कालस्थिरांक ३५ मिलिसेकंद आणि एकदिश घटक प्रत्यावर्ती शिखरमूल्याएवढा आहे असे मानू. दोषानंतरची पहिली पूर्ण खिडकी २० मिलिसेकंदांनी भरते. त्या वेळी एकदिश घटकामुळे फेजरमध्ये मूळ मूल्याच्या सुमारे १४ टक्के लांबीचा एक परका फेजर मिसळलेला असतो. त्या क्षणी तो मूळ फेजरशी जवळपास काटकोनात असल्याने शिखरमूल्य दोन-तीन टक्क्यांनीच चुकते, पण कलाकोन मात्र ८ अंशांनी चुकतो. खिडकी पुढे सरकते तसा मूळ फेजर फिरत जातो आणि परका फेजर आपल्या दिशेत स्थिर राहून लहान होत जातो. परिणामी दोषानंतर २५ मिलिसेकंदांनी शिखरमूल्य १२ टक्के अधिक, तर ३५ मिलिसेकंदांनी ९ टक्के कमी दिसते. रिलेच्या दृष्टीने प्रवाह जणू हेलकावे खात असतो.

अंतर-रिलेच्या पहिल्या क्षेत्राची मर्यादा बहुधा वाहिनीच्या ८० टक्के लांबीवर ठेवतात; त्या मर्यादेच्या आतील दोषावर रिले विनाविलंब आदेश देतो, पलीकडील दोषावर ठरावीक काळ थांबून. वरील उदाहरणात दाबाचा फेजर अचूक आहे असे धरले तरी प्रवाह १२ टक्क्यांनी अधिक दिसल्याने संरोध सुमारे ११ टक्क्यांनी कमी दिसेल. म्हणजे वाहिनीच्या ८८ टक्क्यांवर झालेला दोष रिलेला ७९ टक्क्यांवर भासेल. नेमक्या निर्णयाच्या क्षणी मर्यादेबाहेरचा दोष मर्यादेच्या आत आला! याच न्यायाने, वाहिनी आखूड असेल आणि समायोजन ढिले असेल तर पुढच्या उपकेंद्रापलीकडील दोषासाठी अलीकडची निरोगी वाहिनी बंद पडण्याची भीती असते.

वेगासाठी अर्ध्या आवर्तनाची खिडकी घेण्याचा मोह होतो. त्यात दहा नमुन्यांत काम भागते, पण अर्ध्या आवर्तनात स्थिर एकदिश घटकही नाहीसा होत नाही. वरील आकड्यांसाठी परक्या फेजरची लांबी मूळ शिखरमूल्याच्या सुमारे १११ टक्के येते. म्हणजे चूक मूळ राशीहून मोठी ठरते. एकदिश घटक आधी काढून टाकल्यावाचून अर्धावर्तन पद्धती प्रवाहासाठी वापरूच नये, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

अन्य पद्धतींचा विकास

संगणकाने वाहिनीचे संरक्षण करण्याची कल्पना जी. डी. रॉकफेलर यांनी १९६९ च्या आपल्या निबंधात सविस्तर मांडली आणि १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या २३० किलोव्होल्ट टेस्ला–बेलोटा वाहिनीवर तिचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. त्याच सुमारास मान व मॉरिसन यांनी अतिशय सुटसुटीत रीत सुचविली. साइन तरंगाचे क्षणिक मूल्य आणि त्याच्या बदलाचा वेग यांवरून शिखरमूल्य व कलाकोन दोन्ही काढता येतात. वेग हा शेजारच्या नमुन्यांच्या वजाबाकीवरून मिळतो. अशा रीतीने केवळ तीन नमुन्यांत फेजर हाती येतो. पण तरंगात थोडाही गोंगाट असला तर वजाबाकीत तो अनेक पटींनी वाढतो, आणि दोषानंतरच्या प्रवाहात गोंगाट असतोच. गती आणि अचूकता यांचा हा विरोध त्यानंतरच्या प्रत्येक पद्धतीत वेगवेगळ्या रूपाने डोकावतो.

सचदेव व बॅरिबो यांनी १९७९ मध्ये लघुतम वर्ग पद्धती वापरली. क्षयमान घटक हा अल्पावधीत जवळपास सरळ रेषेसारखा उतरतो, म्हणून त्यास एक स्थिरांक व एक उतार या दोन अज्ञातांनी दर्शवावयाचे, मूळ तरंग व हार्मोनिक यांचे अज्ञात त्यांत मिळवावयाचे आणि नमुन्यांशी सर्वाधिक जुळणारी उत्तरे काढावयाची, असे तिचे स्वरूप आहे. गुणकांचे कोष्टक आधीच तयार करून ठेवता येत असल्याने प्रत्यक्ष वेळी केवळ गुणाकार-बेरीज करावी लागते. हे दोन अज्ञात वगळून पूर्ण आवर्तनाची खिडकी घेतली तर हीच पद्धती फूरिये पद्धतीत रूपांतरित होते. दोन्ही पद्धती परस्परविरोधी नाहीत. गिर्गिस व ब्राउन यांनी १९८१ मध्ये काल्मन छानकाचा उपयोग सुचविला. त्यात प्रवाहासाठी तीन अवस्था कल्पिल्या असून तिसरी क्षयमान घटकाची आहे. प्रत्येक नमुन्यागणिक अंदाज सुधारत जातो हा तिचा गुण, तर गोंगाटाचे सांख्यिकीय स्वरूप आधी सांगावे लागते हा तिचा दोष.

प्रत्यक्ष रिलेंमध्ये सर्वाधिक रुजलेली रीत मात्र याहून साधी आहे. घातांकी रीतीने क्षीण होणाऱ्या राशीचा प्रत्येक नमुना मागील नमुन्याच्या ठरावीक पटीत असतो. ३५ मिलिसेकंदांचा कालस्थिरांक व एक मिलिसेकंदाचे अंतर असेल तर ही पट ०.९७२ येते. प्रत्येक नमुन्यातून मागील नमुन्याची ०.९७२ पट वजा केली की क्षयमान घटक समूळ नाहीसा होतो आणि ५० हर्ट्झचा घटक ज्ञात प्रमाणात बदलून शिल्लक राहतो. जुन्या रिलेंमध्ये वाहिनीच्या संरोधाची छोटी प्रतिकृती जोडून हेच साधले जात असे. तिचे अंकीय रूप गॅब्रिएल बेनमुयाल यांनी १९९५ मध्ये विवरून सांगितले. कालस्थिरांकाचा अंदाज चुकला तरी ही रीत फारशी फसत नाही. प्रत्यक्ष कालस्थिरांक ६० मिलिसेकंद असताना ३५ गृहीत धरला तरी मूळ ५० हर्ट्झच्या मानाने एकदिश घटकाचा चार टक्क्यांहून कमी भाग उरतो, आणि त्यानंतरची फूरिये बेरीज त्यातीलही बहुतेक भाग गाळते. या सहनशीलतेतच तिचे यश आहे. तिची किंमत अन्यत्र मोजावी लागते : ५० हर्ट्झच्या मानाने उच्च वारंवारतेचा गोंगाट या वजाबाकीत सहा पटींपर्यंत वाढू शकतो.

कालस्थिरांक गृहीत न धरता तो नमुन्यांवरूनच काढण्याचाही एक मार्ग आहे. पूर्ण आवर्तनातील २० नमुन्यांची साधी बेरीज केली तर साइन तरंग व त्याचे सर्व हार्मोनिक शून्यवत् होतात. जे उरते ते केवळ क्षयमान घटकाचे असते. खिडकी एक घर सरकवून पुन्हा बेरीज करावी. दुसऱ्या बेरजेस पहिलीने भागले की उपरोक्त पट मिळते, पट मिळाली की घटकाचे मूळ मूल्य मिळते आणि फेजरमधील चूक तंतोतंत वजा करता येते. एका आवर्तनावर एकच जादा नमुना लागतो. फूरिये बेरजेवर आधारित अशाच जातीची दुरुस्ती तैवानमधील गू व यू यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केली. मात्र एकदिश घटक मुळातच लहान असेल तर दोन्ही बेरजा शून्याजवळ असतात आणि त्यांचा भागाकार निरर्थक येतो. म्हणून बेरीज एका किमान मर्यादेहून लहान असल्यास दुरुस्ती करूच नये, अशी अट घालावी लागते. कागदावर तंतोतंत असलेली पद्धती उपकेंद्रात अशा अटींच्या कुंपणातच चालते.

वेव्हलेट रूपांतर, प्रोनी विश्लेषण व कृत्रिम तंत्रिका जाल यांवर विपुल लेखन झाले आहे. त्यांतील पुष्कळसे संगणकीय अनुकरणावर तपासलेले असून तेथे तरंग स्वच्छ असतो. रिलेनिर्मात्यांनी त्यांचा स्वीकार हात राखूनच केला आहे, आणि त्यात काही गैर आहे असे वाटत नाही.

प्रवाह रोहित्राची मर्यादा

आतापर्यंतच्या विवेचनात रिलेपर्यंत पोहोचणारा तरंग हा वाहिनीतील प्रवाहाची खरी प्रतिमा आहे असे गृहीत धरले होते. वस्तुतः ती प्रतिमा प्रवाह रोहित्रातून येते आणि एकदिश घटकाचा खरा आघात तेथे होतो. पूर्ण एकदिश घटक असलेल्या प्रवाहाने रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकीय स्रोत केवळ प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मानाने कितीतरी पट वाढतो. वरील गुणोत्तर ११ धरल्यास ही वाढ जवळपास १२ पट होते. गाभा एवढा स्रोत सामावू शकला नाही तर तो संपृक्त होतो व दुय्यम बाजूचा प्रवाह प्रत्येक आवर्तनाच्या काही भागात कोसळतो. अशा कापलेल्या तरंगातून कोणत्याही पद्धतीने काढलेला फेजर प्रत्यक्षाहून लहान व कलेने पुढे सरकलेला येतो. गाभ्यात हवेची फट ठेवणे, गाभा मोठा घेणे, किंवा संपृक्ती होण्यापूर्वीच्या मिलिसेकंदांत निर्णय आटोपणे हेच उपाय उरतात.

म्हणून फेजर काढण्याइतकेच तो विश्वासार्ह आहे किंवा नाही हे ठरविणे महत्त्वाचे आहे. यासाठी फडके व थॉर्प यांनी पुरस्कारिलेली कसोटी सोपी आहे : मिळालेल्या फेजरवरून तरंग पुन्हा रचावयाचा व तो प्रत्यक्ष नमुन्यांशी ताडून पाहावयाचा. फरकांची बेरीज मोठी असेल तर खिडकीत दोषापूर्वीचे व दोषानंतरचे नमुने मिसळलेले आहेत, अथवा तरंग विकृत आहे, असे समजून आदेश काही नमुने लांबविला जातो.

संरक्षणाकडून मापनाकडे

खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर अरुण फडके यांनी १९७० च्या दशकात अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर कंपनीत संगणकीय अंतर-रिलेवर काम करताना तिन्ही कलांच्या फेजरवरून सममित घटक काढण्याची रीत विकसित केली. रिलेसाठी काढलेला फेजर प्रणालीची अवस्था जाणण्यासही उपयोगी पडेल, मात्र त्यासाठी दूरदूरच्या उपकेंद्रांची घड्याळे एकच असली पाहिजेत, हे त्यातून पुढे आले. उपग्रहावरून मिळणाऱ्या वेळेने ती अडचण दूर केली आणि १९८८ मध्ये व्हर्जिनिया टेक येथे पहिले फेजर मापन एकक तयार झाले. फडके व जेम्स थॉर्प यांना २००८ चे बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले.

भारतात अशी एकके प्रायोगिक तत्त्वावर २०१० मध्ये उत्तर विभागात बसविण्यात आली. ३० व ३१ जुलै २०१२ च्या प्रचंड वीजखंडनाच्या चौकशीत त्यांच्या नोंदी उपयोगी पडल्या. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी ४०० किलोव्होल्टची बिना–ग्वाल्हेर वाहिनी अंतर-रिलेच्या तिसऱ्या क्षेत्राच्या आदेशाने बंद पडली आणि त्यानंतर उत्तर विभाग अंधारात गेला. त्या वाहिनीवर कोणताही दोष नव्हता. प्रवाह अतिशय वाढलेला व दाब खालावलेला असल्याने भागाकारातून येणारा संरोधच तिसऱ्या क्षेत्राच्या सीमेत शिरला होता. फेजर निर्धारणाची चूक आणि फेजरवरून काढलेल्या निष्कर्षाची चूक या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे या घटनेच्या अभ्यासकांनी लक्षात घेणे इष्ट आहे. पहिली सुधारल्याने दुसरी सुधारत नाही.

अलीकडे या विषयात एक नवी अडचण उभी राहिली आहे. सौर प्रकल्पातील इन्व्हर्टर दोषाच्या वेळी आपल्या नियत प्रवाहाच्या साधारण १.१ ते १.५ पट एवढाच प्रवाह देतो. फिरत्या जनित्राप्रमाणे अनेक पट देत नाही. त्याच्या प्रवाहातील संक्रमणी घटक वाहिनीच्या रोध-प्रवर्तकत्वाच्या गुणोत्तराने ठरत नाहीत; ते इन्व्हर्टरच्या नियंत्रण प्रणालीने ठरतात आणि ती प्रणाली निर्मात्यागणिक भिन्न असते. कालस्थिरांकाविषयी आजवर केलेली गृहीतके तेथे लागू पडत नाहीत, तसेच पहिल्या एक-दोन आवर्तनांत वारंवारताही स्थिर राहीलच अशी खात्री नसते. त्यामुळे अशा प्रकल्पांना जोडणाऱ्या वाहिन्यांवर दोन्ही टोकांच्या प्रवाहांची तुलना करणारे डिफरन्शियल संरक्षण अधिक पसंत केले जाते. त्यातही बहुधा प्रत्येक टोकास फेजर काढावाच लागतो. फरक इतकाच की तेथे ग्रिडच्या बाजूने येणारा मोठा दोषप्रवाह निर्णायक ठरतो आणि इन्व्हर्टरच्या बाजूच्या फेजरमधील चुकीचा भार त्या मानाने कमी राहतो.